पाचारणाबद्दल शंका नाही, पण उमेद खचली आहे; सेवा सोडावी का?

खेड्यातला सुवार्तिक

सर्वांना जय ख्रिस्त. नगर जिल्ह्यातल्या एका लहान गावी मी मंडळीचा, म्हणजे चर्चचा, सुवार्तिक म्हणून काम करतो. आमचे पाळकसाहेब तालुक्याच्या गावी राहतात आणि प्रभुभोजनाच्या रविवारी तेवढे येतात. एरवीची उपासना, संडे स्कूल, आजाऱ्यांच्या भेटी आणि वेळप्रसंगी मयताची प्रार्थना हे सारे माझ्याकडे असते. मानधन नावापुरते आहे आणि घर शेतीवर चालते, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती वेगळीच. तरुण मंडळी कामासाठी पुण्याला आणि चाकणला गेली. उरलेल्यांपैकी काही घरे तालुक्याच्या गावी सुरू झालेल्या नव्या सहभागितेकडे, म्हणजे प्रार्थनासंघाकडे, वळली, कारण तिथे कीबोर्ड आहे, मोठे स्पीकर आहेत आणि दर सभेला कोणीतरी बरे झाल्याची साक्ष असते. आमच्याकडे पेटी आणि झांजा. संडे स्कूलला पूर्वी सतरंजी पुरत नसे. आता दोघे भाऊ येतात आणि त्यांच्यामागून त्यांची धाकटी बहीण, तीही खाऊ मिळेल म्हणून. मागच्या बैठकीत समितीतल्या एका ज्येष्ठ सभासदांनी सर्वांसमक्ष विचारले की, इतक्या वर्षांत तुमच्या सेवेला फळ काय आले? मला उत्तर देता आले नाही.

तरुणपणी मला झालेले पाचारण, म्हणजे सेवेसाठी देवाने बोलावणे, खरे होते, याबद्दल आजही माझ्या मनात शंका नाही. परंतु पाचारण खरे असूनही काम इतके निष्फळ दिसत असेल, तर ते धरून ठेवणे हा विश्वासूपणा की निव्वळ हट्ट, हे मला कळेनासे झाले आहे. राजीनाम्याचा कागद लिहून ठेवला आहे.

जुना वाचक

भाऊ, ज्या मातीत आपण काम करता, तिथला इतिहास आधी सांगतो. अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल 1813 मध्ये मुंबईत उतरले, तेव्हा कंपनी सरकारला ते नकोच होते आणि परत जाण्याचा हुकूम त्यांच्यामागे लागलेला होता. पुढची तेरा वर्षे त्यांनी मराठी शिकून शाळा काढल्या, पुस्तके छापली, बाजारात उभे राहून उपदेश केला आणि 1826 मध्ये नाशिककडच्या प्रवासात पटकीने ते वारले. मोजावे म्हटले तर बाप्तिस्मे अगदीच थोडे होते. नगरचे मिशन सुरू झाले ते 1831 मध्ये, म्हणजे हॉल गेल्यावर पाच वर्षांनी. आणि आपली मंडळी बहुधा त्याच झाडाची फांदी असावी. हॉलना त्या वेळच्या समितीने फळाचा हिशेब विचारला असता, तर त्यांच्याकडे तरी दाखवायला काय होते?

पंडिता रमाबाईंचेही तसेच. 1889 मध्ये काढलेले शारदा सदन हे विधवा आणि मुलींचे निवासी विद्यालय पुण्यात चांगले चालले असताना 1893 मध्ये मुली ख्रिस्ती होत असल्यावरून गदारोळ उठला, रानडे आणि भांडारकर यांच्यासह सल्लागार मंडळी बाजूला झाली, पालकांनी मुली काढून नेल्या आणि वर्तमानपत्रांनी झोडपले ते वेगळेच. त्यानंतर तीन-चार वर्षांत दुष्काळ पडला आणि मध्य प्रांतातून आणलेल्या निराधार मुलींनी पुणे जिल्ह्यातला त्यांचा केडगावचा आश्रम भरून गेला. 1893 मध्ये त्यांनी सदनाला कुलूप लावले असते, तर त्या मुलींना घेऊन यायला जागाच उरली नसती.

पाळकांची पत्नी

जुना वाचक यांचा आदर राखून थोडा विरोध नोंदवते. खचलेल्या माणसासमोर रमाबाईंचे नाव घेतले की तो उभा राहण्याऐवजी आणखी लहान होतो. आमच्या घरात हे मी वर्षानुवर्षे पाहत आले आहे. बायबलमधला संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवाने त्याला मोशेची गोष्ट सांगितली नाही. त्याला झोपू दिले, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई दिली, पुन्हा झोपू दिले आणि पुन्हा खाऊ घातले. बोलणे झाले ते त्यानंतर, आणि त्यातही शेवटी अलीशासारखा जोडीदार नेमून दिला. दादा, आपण शेतीही पाहता आणि मंडळीही. मागची सुट्टी कधी घेतली होती? उपासना चालवायला आपल्याबरोबर दुसरे कोण आहे?

आणखी एक विचारते, राग मानू नये. आपल्या पत्रात दोन गोष्टी एकात एक मिसळल्या आहेत. मुले कमी झाली ही एक आणि बैठकीत अपमान झाला ही दुसरी. पहिली तर आपण कित्येक दिवस सोसत होता. कागद लिहिला गेला तो दुसरीमुळे. अपमानाचे उत्तर समितीकडे मागावे, पाचारणाकडे मागू नये.

वसईकर

मी कॅथलिक आहे, तेव्हा आमच्या परंपरेतले थोडेसे सांगतो. संत इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात मनाच्या चढउतारांविषयी काही नियम लिहून ठेवले. त्यांतला एक असा की, मन कोरडे आणि उदास असताना आधीचा निर्णय बदलू नये. मन स्थिर असताना जे ठरवले होते, त्यालाच चिकटून राहावे. मात्र हातावर हात ठेवून बसा, असे ते म्हणत नाहीत. निर्णय तसाच ठेवून स्वतःत बदल करावा, म्हणजे प्रार्थना थोडी वाढवावी, आत्मपरीक्षण करावे, असा पुढचा नियम आहे. आणि मनातली सल एकट्याने बाळगू नये, जाणत्या माणसापुढे उघडी करावी, असाही एक आहे, कारण ती लपवून ठेवण्यातच सैतानाचा फायदा असतो.

म्हणून राजीनामा कधीच देऊ नये, असे माझे म्हणणे नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडलीच होती. पण ती खचून नव्हे, तर ‘देवाचा दरबार’ या त्यांच्या ख्रिस्तभक्तांच्या बंधुसंघाचे काम मिशनच्या चौकटीत मावत नव्हते म्हणून. चौकट सुटली, पाचारण सुटले नाही. दोन वर्षांनी ते गेले तेव्हा ख्रिस्तचरित्रावरचे त्यांचे काव्य ‘ख्रिस्तायन’ अपुरेच होते आणि पुढे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ते पूर्ण केले. आपल्याला सोडायचे आहे ते पद की काम, हे मन शांत असताना ठरवावे.

खेड्यातला सुवार्तिक

सर्वांचे आभार. ताईंचे म्हणणे बोचले, कारण ते खरे आहे; त्या बैठकीपूर्वी सोडण्याचा विचार माझ्या मनाला शिवलाही नव्हता. सुट्टीचे विचाराल तर आठवत नाही. तबला वाजवणारा एक मुलगा आहे, बारावीला बसतो आहे आणि शास्त्र स्पष्ट वाचतो. महिन्यातल्या एका रविवारी त्याच्याकडे वाचन आणि प्रार्थना सोपवून मी मागच्या सतरंजीवर बसावे, असे मनात येते. कागद नाताळापर्यंत तरी देत नाही.

वसईकर, एक अडचण राहते. मन उघडे करायचे तर पाळकसाहेबांपुढेच करायला हवे, परंतु ज्यांनी प्रश्न विचारला ते सभासद त्यांचे जवळचे नातलग आहेत. मंडळीबाहेरच्या कोणाशी बोललो तर ते शिस्तीला धरून होईल का?

वसईकर

जरूर बोलावे. आमच्याकडे पुष्कळजण मुद्दाम आपल्या धर्मग्रामाबाहेरच्या, म्हणजे दुसऱ्या चर्चच्या, फादरांकडेच जातात. आपल्या भागात एखादे निवृत्त पाळक असतील, तर आधी त्यांना भेटावे. समितीतल्या प्रश्नाचे मात्र पाळकसाहेबांच्या कानावर घालावेच, आणि ते दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी.

पाळकांची पत्नी

आणि त्या मुलाची परीक्षा फेब्रुवारीत असेल, तर त्याचा रविवार आत्ताच सुरू करावा; जानेवारीनंतर त्याला सवड मिळणार नाही.