मदत हवी आहे : जुन्या पुस्तकांचे 10 अंकी आयएसबीएन

नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यातल्या आमच्या वाचनालयाची दाखल नोंदवही यंदा कॉम्प्युटरवर चढवतोय. नवीन पुस्तकांना अडचण नाही, मलपृष्ठावरच्या बारकोडजवळचा 13 अंकी आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) टाकला की झालं. 978 नंतर 81 किंवा 93 म्हणजे प्रकाशक भारतातला, एवढं मदतीला येणाऱ्या पोरांनाही पाठ झालंय.

घोडं अडलंय ते 2007 च्या आधीच्या पुस्तकांवर. त्यांवर 10 अंकीच क्रमांक, काहींच्या शेवटी तर इंग्रजी एक्स (तो 10 च्या जागी असतो). आमचं सॉफ्टवेअर एक्स दिसला की नोंदच घेत नाही. नुसतं पुढे 978 लावून भागत नाही, शेवटचा तपासणी अंक (क्रमांक चुकला नाही ना हे पडताळणारा) काढून टाकून नव्याने काढावा लागतो : 12 अंकांना आळीपाळीने 1 आणि 3 ने गुणायचं, बेरीज करायची, पुढच्या दहाच्या पटीला जेवढे कमी पडतील तो अंक. हाताने जमतं, पण कपाटंच्या कपाटं आहेत. त्यात पावसाळ्यातल्या दमट हवेने पानं चिकटलीत, सारखी उघडायला धीर होत नाही. एक्सेलमध्ये एकदम करायचा फॉर्म्युला कोणाकडे आहे का?

दुसरं, दोन खंडांच्या संचावर खंडाचा वेगळा आणि संचाचा वेगळा क्रमांक छापलाय. तुम्ही नोंद कोणत्या क्रमांकाने करता?

आणि साठच्या दशकातली पुस्तकं, ज्यांना हा क्रमांकच नाही, त्यांच्या रकान्यात काय भरता? ग्रंथपाल मंडळींनी जरूर सांगा.