नाशिकच्या वाढत्या आयटी कंपनीत टिकावं, की पुणं गाठावं?

अंबडकर: माझं मत स्पष्ट आहे. करिअरची पहिली काही वर्षं वाढत्या कंपनीत काढावीत, आणि ती नाशिकमध्येच मिळत असेल तर पुण्याची घाई करू नये. मी लागलो तेव्हा आम्ही मूठभर होतो. एका रात्री क्लायंटचं सगळं बंद पडलं. लॉग फाइल्सनी, म्हणजे सिस्टिम आपोआप लिहीत जाते त्या नोंदींनी, डिस्क गच्च भरली होती, त्यामुळे डेटाबेस नवीन काही लिहूनच घेईना. सीनिअर फोनवर सांगत होते, कीबोर्डवर मी. जुने लॉग हलवले, डेटाबेस उठवला, सकाळी जुने लॉग वेळोवेळी आपोआप काढून टाकणारं लॉगरोटेट लावलं आणि नेमकं काय झालं याचा मेलही क्लायंटला मीच लिहिला. मोठ्या कंपनीत फ्रेशरला प्रॉडक्शनच्या, म्हणजे क्लायंट प्रत्यक्ष वापरतात त्या चालू सिस्टिमच्या, जवळ तरी कोण फिरकू देतं? शिवाय पाथर्डी फाट्याहून अंबडला दुपारी घरी जेवायला जाता येतं.

सिडकोवाली: शिकायला मिळतं, मान्य. पण डिस्क भरत आल्याचा अलर्टही लावलेला नव्हता, ही ढिलाईच ना? आणि त्या रात्रीची बदली सुट्टी मिळाली का, ते तुम्ही लिहिलं नाहीत.

आमच्याकडे ऑन-कॉलचा रोस्टरच, म्हणजे रात्री कुणी फोन घ्यायचा याचं वेळापत्रकच, नव्हता. ज्याला येतं त्याला फोन. माणसं दुप्पट झाली तरी रात्रीचा फोन मला आणि माझ्या एका सहकारिणीलाच. टीम लीड नेमायची वेळ आली तेव्हा पुण्याहून माणूस आणला, आमच्यापेक्षा बऱ्याच जास्त पगारावर, आणि त्याला सगळी सिस्टिम समजावून द्यायला बसवलं आम्हालाच. याचा अजूनही राग येतो. आपलं घर, आईवडील, मुलांची शाळा इथं आहे, आपण कुठं जाणार नाही, हे कंपनी ओळखून असते. अप्रेजलच्या टेबलावर तुमचं ते दुपारचं घरचं जेवण तुमच्याच विरोधात जातं.

गंगापूररोड: ईसॉपचं, म्हणजे कर्मचाऱ्याला ठरलेल्या किमतीत कंपनीचे शेअर घ्यायचा हक्क देतात त्याचं, कुणीच बोलत नाही. पगार कमी, त्याबदल्यात शेअर, असं सांगतात तेव्हा कागद नीट वाचा. मिळाल्यापासून किमान 1 वर्ष ते हक्काचे होत नाहीत. नंतर ते घेताना बाजारमूल्य आणि तुम्ही मोजलेली किंमत यांतला फरक पगारात धरून कर लागतो. कंपनी शेअर बाजारात लिस्टेड नसेल तर विकायचे कुणाला? खात्यात पैसा नाही आणि कर मात्र भरायचा, अशी वेळ येते. काही स्टार्टअपना कर लांबवायची सवलत आहे. आपली कंपनी त्यात बसते का, ते सही करण्याआधी विचारा.

अंबडकर: सिडकोवाली ताई, बाहेरून लीड आणला हे चुकलंच, त्याचं समर्थन मी करणार नाही. पण पुण्यात तरी बढतीची हमी कुठं आहे? तिथं 90 दिवसांचा नोटीस पीरियड, हिंजवडीचं ट्रॅफिक, आणि आईला बरं नसलं की 200 किलोमीटरहून जास्त अंतर तोडून यायचं. इथं मी आज पूर्ण प्रॉडक्ट कसा चालतो ते सांगू शकतो.

सिडकोवाली: मग तेच कंपनीकडून लेखी घ्या ना, भाऊ. प्रॉडक्शन सांभाळताय तर हुद्दा द्या, रोस्टर लावा, रात्रीच्या कामाचा भत्ता ठरवा. क्लायंट वाढले की सेल्सवाल्यांचा इन्सेंटिव्ह वाढतोच. सर्व्हर जागता ठेवणाऱ्यांनाच तेवढं थांबायला का सांगतात?