आधी अर्थ, मग हायफन

भावा, ओळीच्या शेवटी इंग्रजी 'रेकॉर्ड' कुठं तोडायचा विचारतोयस, पण तिथं त्याचा अर्थ काय ते आधी बघ. नोंद किंवा विक्रम असेल तर 'आरईसी'नंतर हायफन, ध्वनिमुद्रण करणं असेल तर 'आरई'नंतर. उच्चारातला आघात, म्हणजे जोर, सरकतो ना! 'प्रेझेंट'चंही तेच. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतले डीटीपीवाले, म्हणजे संगणकावर अक्षरजुळणी करणारे, हे सॉफ्टवेअरच्या गळ्यात घालून मोकळे होतात. त्याला बिचाऱ्याला नाम-क्रियापद काय कळणार? शब्द तोडायच्या फ्रँक लियांगच्या १९८३ च्या पद्धतीवर चालणाऱ्या 'टेक' या अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये तर 'प्रेझेंट' अपवादात टाकलाय, तोडायचाच नाही. लई शहाणपणा केला.

आणि वेबस्टर या इंग्रजी शब्दकोशात शब्दांच्या मधे असतात ते ठिपके उच्चाराचे नव्हेत, तोडायच्या जागांचे. म्हणून 'अबाउट'मध्ये 'ए'नंतर ठिपका नाही. एकटं अक्षर ओळीच्या टोकाला लटकवत नाहीत.