रिप्रीव्ह: तहकुबी, स्थगिती की जीवदान?

लेखनकामाठी:
अमेरिकेतल्या मृत्युदंडावरचा एक लेख मराठीत करतेय आणि 'रिप्रीव्ह'पाशी गाडं अडलंय. २०११ साली ओरेगनचे गव्हर्नर जॉन किट्झहेबर यांनी गॅरी हाउगन या कैद्याला तो दिला: मी पदावर असेपर्यंत याला मारायचं नाही. शिक्षा माफ नाही, कमीही नाही, नुसती पुढे ढकललेली. मी 'तहकुबी' लिहिलं. संपादक म्हणतात, सभा तहकूब होते, माणूस होत नाही, 'जीवदान' करा. मला पटत नाहीये.

काळाकोट:
माणूस नाही, शिक्षा तहकूब होते. संपादकांना नौदल अधिकारी नानावटींवरचा खुनाचा खटला आठवत नाही वाटतं? ११ मार्च १९६० ला हायकोर्टानं जन्मठेप दिली आणि त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी, सुप्रीम कोर्टातल्या अपिलाचा निकाल लागेपर्यंत ती तहकूब करून आरोपीला नौदलाच्याच ताब्यात ठेवलं. पुढे सुप्रीम कोर्टानं सांगितलं की अपील आमच्यापुढे असताना हा हुकूम चालायचा नाही. तहकुबी अगदी खणखणीत शब्द आहे.

किस_पाडू:
कोटसाहेब, ते 'सस्पेंड' होतं. आपल्या संविधानात राज्यपालांचे दयेचे अधिकार सांगणाऱ्या अनुच्छेद १६१ मध्ये रिप्रीव्ह आणि सस्पेंड वेगवेगळे मोजलेत. दोन्हींना तहकुबीच लावलीत तर भाषांतर करणाऱ्यानं करायचं काय?

स्लिपमधला:
'जीवदान'ला एवढं नाक मुरडायला काय झालं? क्रिकेटच्या बातम्यांत रोज वाचतो, 'शून्यावर जीवदान मिळालेला अमुक चार धावांवर बाद'. म्हणजे जीवदान तात्पुरतं असतं हे मराठी वाचकाला ठाऊक आहे.

लेखनकामाठी:
स्लिपमधले, हसले. पण अडचण 'दान'ची आहे. हाउगनला ते नकोच होतं! त्यानं अपिलं सोडून दिली होती, मारा एकदाचं म्हणत होता. तो कोर्टात गेला: मी स्वीकारल्याशिवाय हे लागू होत नाही, आणि ज्याला शेवटची तारीख नाही तो रिप्रीव्हच नव्हे. २०१३ मध्ये ओरेगनच्या सुप्रीम कोर्टानं दोन्ही मुद्दे फेटाळले. न मागितलेलं, नाकारलेलं, तरी गळ्यात पडलेलं ते दान कसलं?

काळाकोट:
त्याच्या मुद्द्याला जुना आधार होता बरं का. १८३३ च्या विल्सन खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं म्हटलं होतं की माफी हातात घेतली तरच माफी. १९२७ मध्ये न्यायमूर्ती होम्स यांनी ते बरंच सैल केलं: शिक्षा कमी करायला कैद्याची संमती लागत नाही.

निर्मळ_मराठी:
तहकूब आपला नाहीच, बाहेरून आलेला. हिंदी संविधानात 'प्रविलंबन' आहे. आपण 'शिक्षाविलंबन' का करू नये? दिनांक आणि महापौर रुळलेच ना?

किस_पाडू:
दिनांक रुळला, पण बोलताना तुम्हीही 'आज तारीख किती' असंच विचारता. तहकूब 'बाहेरचा' असेल तर शिक्का, हुकूम, कागद, वकील सगळे गोळा करून सीमेवर सोडून या.

तालुक्याचा:
माझे एक काका सांगायचे, तह करून कबूल केलं ते तहकूब. आमच्याकडे ग्रामसभा कोरम नाही म्हणून तहकूब होते आणि मग त्या 'तहकूब सभेत' पाच टाळकी काय वाट्टेल ते मंजूर करतात, तिला कोरम लागत नाही. तहकूब म्हटलं की मला तीच आठवते.

किस_पाडू:
काकांचा मान राखून सांगतो, ही व्युत्पत्ती घरची आहे. 🙂

काळाकोट:
'विलंब' तर मुळीच नको. आपल्या कायद्यात त्याला वेगळाच वास आहे. दयेच्या अर्जावर सरकार वर्षानुवर्षं बसून राहिलं तर तो विलंब, आणि त्यापायी फाशीची जन्मठेप होऊ शकते. सुप्रीम कोर्टाचा शत्रुघ्न चौहान निकाल, २०१४. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या दोघी बहिणींची फाशी जानेवारी २०२२ मध्ये हायकोर्टानं याच कारणानं रद्द केली. तहकुबी कुणीतरी सही करून देतो. विलंब फायलीत आपोआप साचतो.

डॅलसकर:
इथे टेक्सासात गव्हर्नरला स्वतःच्या अधिकारात एकदाच, तीस दिवस पुढे ढकलता येतं. त्यापुढे दयेचे अर्ज पाहणाऱ्या बोर्डाची शिफारस लागते. तीस दिवसांना 'मुदतवाढ' म्हणा की सरळ. आणि लेखात 'फाशी' लिहू नका, इथे इंजेक्शन देतात.

स्लिपमधला:
मुदतवाढ? टेंडर आहे का राव!

निर्मळ_मराठी:
फाशी म्हणजे पाश, गळफास. 'विषारी इंजेक्शनने फाशी' असं छापणाऱ्यांची कीव येते. देहान्त शिक्षा म्हणावं. रामशास्त्र्यांनी राघोबाला फाशी नाही, देहान्त प्रायश्चित्त सांगितलं होतं.

किस_पाडू:
आणि राघोबानं ते तहकूब ठेवलं. कायमचं.

डॅलसकर:
अजून एक. कृपया 'राज्यपाल' लिहू नका. आमचा गव्हर्नर निवडून येतो. राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं सही करतात. कॅलिफोर्नियाच्या न्यूसमनं २०१९ मध्ये एका हुकमात ७३७ जणांना रिप्रीव्ह दिला, हे एखाद्या राज्यपालाला जमेल का?

तालुक्याचा:
गव्हर्नर म्हटलं की आमच्या वाचकाला रिझर्व्ह बँक आठवते, नोटेवर सही करणारा.

निर्मळ_मराठी:
मग 'प्रांताधिपती' करा.

स्लिपमधला:
आवरा कुणीतरी यांना.

लेखनकामाठी:
मंडळी, लेख सोमवारी द्यायचाय. तूर्त 'शिक्षा तहकूब केली' असं क्रियापदच ठेवते, नाम टाळते. शब्दकोशात पाहिलं तर रिप्रीव्हचा मूळ फ्रेंच अर्थ 'परत घेणे', म्हणजे कैद्याला पुन्हा तुरुंगात नेणे. हाउगनचं नेमकं तेच झालं. आता पुढच्याच परिच्छेदात पॅरोल आलाय…

काळाकोट:
पॅरोल म्हणजे अभिवचन रजा, फर्लो म्हणजे संचित रजा. आपल्या तुरुंगांच्या कागदोपत्री हेच आहे.

निर्मळ_मराठी:
बघा! सरकारला जमतं. किती सुंदर शब्द.

तालुक्याचा:
आमच्याकडे 'सुट्टीवर आलाय' म्हणतात.

काळाकोट:
सुट्टी वेगळी, रजा वेगळी. यावर स्वतंत्र धागा काढा.