व्हॅस्क्युलर डिमेन्शिया आणि चिनी वनौषधी: तुमचं मत काय?

मृण्मयी:
मेंदूत छोटे छोटे झटके येऊन गेले की काही वृद्धांना पैशाचा हिशेब जमेनासा होतो, रोजच्या स्वयंपाकात पुढे काय करायचं ते सुचत नाही. हा व्हॅस्क्युलर डिमेन्शिया. त्यासाठी अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, मंजूर केलेलं एकही औषध नाही. अल्झायमरचं डोनेपेझिल देतात, पण गुण बेताचाच. म्हणूनच मला बीजिंगच्या शियुआन रुग्णालयातलं 'साइलुओतोंग' महत्त्वाचं वाटतं. जिनसेंगचं मूळ, गिंको झाडाची पानं आणि केशर यांच्या प्रमाणित अर्कांची ही कॅप्सूल. चीनमध्ये ३२५ रुग्णांवर तिची डबल-ब्लाइंड चाचणी झाली, म्हणजे कोणाला औषध आणि कोणाला प्लासिबो (नकली गोळी) हे रुग्ण-डॉक्टर दोघांनाही ठाऊक नव्हतं, आणि आकलनाच्या गुणांत प्लासिबोपेक्षा सुधारणा दिसली. पारंपरिक म्हणून हे औषध बाजूला सारणं मला अन्यायाचं वाटतं.

श्रीरंग:
मृण्मयी, ती चाचणी ५२ आठवड्यांची, पण प्लासिबोशी तुलना पहिल्या २६ आठवड्यांपुरतीच. नंतर प्लासिबो गटालाही औषध सुरू केलं. पुढच्या सहा महिन्यांत किती गुण औषधाचा, हे कशावरून ठरवणार? शिवाय गिंकोची मोठी परीक्षा अमेरिकेत झालेली आहे. तीन हजारांवर वृद्धांना रोज दोनदा १२० मिलिग्रॅम, काही वर्षं. २००८ मध्ये निकाल आला: डिमेन्शिया टळला नाही.

मृण्मयी:
त्या अभ्यासातले बहुतेक लोक सुरुवातीला धडधाकट होते. रोग टाळणं वेगळं आणि झालेल्या रोगात उपयोग होणं वेगळं. तिथे गिंको एकटंच होतं, हेही लक्षात घ्या. चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांनी चिनी ग्रंथांतल्या वनस्पतीतून आर्टेमिसिनिन हे मलेरियाचं औषध शोधलं, त्यांना २०१५ चं नोबेल मिळालं. हा मार्ग वांझ नाही.

श्रीरंग:
आर्टेमिसिनिनचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे! तिथे एक रेणू वेगळा काढला, त्याची मात्रा ठरली, तो मलेरियाचे परजीवी मारतो हे दाखवलं. इथे तीन अर्क एकत्र आहेत, नेमकं काम कोण करतं ते सांगता येत नाही.

शर्वरी (फार्मसीत काम करते):
मला काळजी वेगळीच आहे. या रुग्णांपैकी बरेच जण ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल अशा रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांवर असतात, हृदयाचे ठोके अनियमित असतील तर वॉरफरिनवरही. चिनी औषधांत रक्ताभिसरणासाठी 'डॅनशेन' नावाचं मूळ सर्रास वापरतात. वॉरफरिनबरोबर ते घेतलं की आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप) वाढतो, रक्तस्राव होऊ शकतो. गिंकोबाबतही सावधगिरी हवीच. ऑनलाइन मागवलेल्या बाटलीत काय आहे, हे डॉक्टरांना कळायला मार्ग नाही. १९९० च्या दशकात बेल्जियममध्ये वजन घटवण्याच्या गोळ्यांत चिनी वनस्पतींची अदलाबदल झाली, चुकीच्या वनस्पतीतल्या ॲरिस्टोलोकिक ॲसिड या विषारी द्रव्यामुळे कित्येक बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली. 'नैसर्गिक' म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी तो इतिहास वाचावा.

मृण्मयी:
शर्वरी, बाटली मागवा असं मी कुठेच म्हटलेलं नाही. माझं म्हणणं चाचण्यांबद्दल आहे. ऑस्ट्रेलियातल्या वेस्टर्न सिडनी विद्यापीठातले संशोधक याच औषधावर काम करतात, म्हणजे ते चीनबाहेरही तपासलं जातंय. आपल्याकडे ब्राह्मी-शंखपुष्पीवर असा पैसा कोण लावतं?

श्रीरंग:
चाचण्यांना माझा विरोध नाहीच. पण घरच्यांना आज काय सांगायचं? रक्तदाब. २०१९ च्या स्प्रिंट-माइंड अभ्यासात सिस्टॉलिक, म्हणजे वरचा रक्तदाब, १२० खाली ठेवायचं लक्ष्य घेतलं, तेव्हा सौम्य आकलनदोषाचं प्रमाण घटलं. डिमेन्शियातली घट मात्र पुरेशी ठोस नव्हती. तरी रक्तदाबाची सकाळची ती स्वस्त गोळी चुकवून लोक महागड्या अर्काकडे वळतात, हे मला सहन होत नाही.

शर्वरी:
आणि घेतच असाल तर बाटली डॉक्टरांपुढे ठेवा, वॉरफरिन चालू असेल तर त्याच दिवशी.