बाईंची आठवण
आमच्या शिक्षिका असलेल्या बाईंच्या शाळेतल्या शिस्तीबद्दल सगळेच सांगतात, मी त्या रिटायर झाल्यानंतरचं थोडं सांगते. आमच्या वसईत मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) आधी लॅटिनमधे असायची, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (जगभरच्या कॅथलिक बिशपांची मोठी सभा, १९६२-६५) मराठीत आली, हे बाईंनी स्वतः बघितलेलं त्यामुळे मराठी गायनावर त्यांचा फार जीव, चर्चमधल्या पोरांचे उच्चार अगदी घोटून घ्यायच्या. आणि क्रोशा! वेदीवरच्या कापडाची झालर विणताना एक टाका चुकला तर अख्खी ओळ उसवायच्या, मलापण उसवायला लावलीय, रडूच आलेलं तेव्हा. डिसेंबर लागला की ओटीवर बांबूच्या काड्या, पतंगाचा कागद, खळ आणि आम्ही पोरं नाताळचे तारे करत बसलेलो. शेवटी शेवटी दिसायचं नाही तरी बोटांनी टाके मोजायच्या. त्यांनी दिलेली क्रोशाची सुई मी अजून वापरते.