मदत हवी आहे : पुरात वाहून गेलेल्या म्हशींची भरपाई कशी मिळवायची?

नमस्कार. मी भांडुपला राहतो. गाव सोलापूर जिल्ह्यात, सीनेच्या काठावर. तिथे आई, आप्पा आणि धाकटा भाऊ असतात.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला तेव्हा रात्रीतून पाणी गोठ्यात शिरलं. भावाने छातीएवढ्या पाण्यात जाऊन दावी कापली म्हणून दोन गाई वाचल्या. तीन पंढरपुरी म्हशी आणि सहा महिन्यांची एक रेडी गेली. पाणी ओसरल्यावर एकच म्हैस सापडली, उसाच्या फडात अडकलेली. बाकीच्यांचा पत्ता नाही.

सापडलेल्या म्हशीचा पंचनामा झाला, डॉक्टरांचा दाखला मिळाला आणि ३७,५०० रुपये आप्पांच्या खात्यात जमा झाले. उरलेली जनावरं यादीतच नाहीत. तालुक्याला गेलं की सांगतात, शव नाही, ओळख क्रमांकाचा कानातला बिल्ला नाही, मग मेली कशावरून? वाहून गेलेल्या म्हशीच्या कानातला बिल्ला आप्पा कुठून आणणार?

नियम मी वाचले आहेत. दुभत्या म्हशीला ३७,५०० आणि वासराला २०,०००. पूर्वी कुटुंबामागे तीन मोठ्या दुभत्या जनावरांची मर्यादा होती, ती ऑक्टोबर २०२५ च्या राज्याच्या पॅकेजमध्ये काढली. त्यामुळे संख्येवरून अडायचं काही कारण नाही. अडलंय ते पुराव्यावर. १ जून २०२४ पासून बिल्ल्याची सक्ती आहे आणि बिल्ला नसलेल्या जनावराला भरपाई नाही, हेही मान्य. पण आमच्या दोन्ही म्हशींना बिल्ले होते, लाळ्या-खुरकुताची लस टोचायला आले तेव्हाच मारलेले. लसीचा कागद गोठ्याच्या कोनाड्यात होता, तो भिजून गेला. रेडीला मात्र बिल्ला नव्हता, तिचा आग्रह मी धरत नाही.

हाताशी काय आहे ते सांगतो. भावाच्या मोबाइलमध्ये पुतण्याचा म्हशीजवळचा एक फोटो आहे, त्यात बिल्ल्याचे शेवटचे चार आकडे वाचता येतात. दुसरं म्हणजे डेअरीची दूधबिलं. पुराआधीच्या दहा दिवसांचं बिल आणि नंतरचं बिल शेजारी ठेवलं की दूध निम्म्याहून खाली आलेलं स्पष्ट दिसतं. शेजारचे दोघे साक्ष द्यायला तयार आहेत, पोलीस पाटीलही लिहून देतो म्हणालेत.

बिल्ल्याचा बारा आकडी नंबर भारत पशुधन प्रणालीवर मालकाच्या नावासकट नोंदलेला असतो. आप्पांच्या नावावरून किंवा मोबाइल नंबरवरून ती नोंद गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून कुणी छापून घेतली आहे का? अर्ज कुणाच्या नावे दिला होता? आणि त्या नोंदीच्या जोरावर आता पुरवणी पंचनामा करून घेता येतो का? कुणाचा झाला असेल तर नक्की सांगा.

मी मुंबईत आहे तर मंत्रालयात मदत व पुनर्वसन विभागात एक अर्ज देऊन येऊ का? की तिथून तो परत जिल्ह्यालाच जातो आणि उलट वेळ वाया जातो? त्यापेक्षा थेट जिल्हाधिकारी कार्यालयात दिलेला बरा, असं मला वाटतं. चुकत असेन तर सांगा.

आप्पा म्हणतात, जाऊ दे आता, एकीचे तरी मिळाले. पण पंढरपुरी म्हैस आज ३७,५०० मध्ये येत नाही, आणि भावाचं घर दुधावरच चालतं. शुक्रवारी रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसने निघतोय, सोमवारी तालुक्याला जाईन. त्याआधी कुणाकडे अशा अर्जाचा नमुना असेल तर कृपया इथेच टाका.